काल भाजी कोणती होती?

"काल भाजी कोणती होती?"

समोरचा माणूस छातीला हात लावून आलेला असो, महिनाभर झोपलेला नसो, की बायकोनं ओढत आणलेला असो, डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच. काय होतंय ते नंतर. आधी टेबलामागून उठायचं, आपली खुर्ची खरडत पेशंटच्या बाजूला आणायची, पँट गुडघ्यावर जरा वर ओढून बसायचं आणि विचारायचं, काल भाजी कोणती होती. नवीन माणूस बिचकायचा. आपण चुकून खानावळीत तर शिरलो नाही ना, असा संशय मी एकाच्या चेहऱ्यावर स्वतः वाचला आहे.

औरंगपुऱ्यात त्यांचा मनाच्या आजारांचा दवाखाना, आणि त्याच्या जिन्याखाली माझं औषधाचं दुकान. डॉक्टरांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाही लागत नसे, त्यामुळं चिठ्ठी घेऊन मला सारखं वर जावं लागे. तसा मी त्यांच्या खोलीच्या दारात वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस आहे. ते मला नावानं हाक मारत नसत. "काय मेडिकल, आज काय वाचता आलं नाय?" असं म्हणत. पेशंटबद्दल मात्र त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. जे मला कळायचं ते पेशंटच सांगायचे, गोळ्या घेता घेता, आणि ते मी इथं ओळख पुसून सांगतो आहे.

तुमच्याही शहरात असा एखादा जिना असेल. त्याच्यापाशी उभं राहून पाहा कधी. माणूस आधी दुकानाशी येतो, खोकल्याचं औषध विचारतो, रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना ते बघतो आणि मग पोस्टात पत्र टाकावं तसा स्वतःला पटकन जिन्यात टाकतो. वर डॉक्टरांच्या शेजारी एक दातांचा दवाखाना होता. त्यामुळं आमच्या गल्लीत दाढदुखीचं प्रमाण फार. जिन्यात कुणी भेटलं की हात गालावर जायचा. दाताचे डॉक्टर एकदा मला म्हणाले, "एवढे पेशंट मला खरंच मिळाले असते तर मी बंगला बांधला असता."

भाजीच्या प्रश्नात काय काय मावतं हे मला उशिरा उमगलं. भाजी आठवली तर लक्ष ठिकाणावर आहे. बरी होती की पांचट होती हे सांगितलं तर तोंडाला चव आहे. कुणी केली हे सांगताना आवाज खाली गेला तर घरात काहीतरी बिनसलंय. आणि "भाजी होती वाटतं, बघितलं नाही" असं उत्तर आलं, तर डॉक्टर खुर्ची आणखी थोडी पुढं घ्यायचे.

कापडाचे एक व्यापारी आले होते. हातात फाईल, तीत हृदयाच्या तपासण्याच तपासण्या. बसायच्या आधीच सुरू झाले. "डॉक्टर, छातीचं बघा. एकदम धडधड सुरू होती, हातपाय गार पडतेत, आता मेलोच असं वाटतं."

"छाती लई जणांनी बघितली," डॉक्टर म्हणाले. "तुमचं हार्ट माझ्यापेक्षा ठणठणीत हाय. भाजी कुणी बघितली नाय अजून. सांगा, काल भाजी कोणती होती?"

त्यांना घाबरण्याचे झटके येत होते. येतील या भीतीनं त्यांनी दुकानात बसणं सोडलं होतं, लग्नाकार्याला जाणं सोडलं होतं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर एक काम दिलं. रोज संध्याकाळी भर गर्दीत औरंगपुऱ्यात येऊन उभं राहायचं. ते येऊन माझ्या काउंटरला धरून उभे राहत. एक दिवस झटका आला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी वर निरोप धाडला. डॉक्टर मीठ-तिखट लावलेला पेरू खात खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"आला का?"

"आला," व्यापारी कसेबसे म्हणाले.

"येऊ द्या. पाहुणा हाय. दार लावून घेतलं की तो लई वाजवतो. बसू द्या त्याला, त्याचा तो जाईल."

मी अँब्युलन्सचा नंबर शोधत होतो आणि हे गृहस्थ पेरू खात होते. समोरून रिक्षा जात होत्या, बायका बांगड्यांचा भाव करत होत्या. थोड्या वेळानं व्यापाऱ्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "गेला," म्हणाले.

"चहा न घेताच गेला का?" असं म्हणून डॉक्टरांनी उरलेला पेरू त्यांच्या हातात दिला आणि वर निघून गेले. पुढच्या लग्नसराईत मी त्या व्यापाऱ्यांना त्यांच्या गादीवर, गिऱ्हाइकांच्या गराड्यात, मजेत ओरडताना पाहिलं.

दुसरी एक सून होती. सासू तिला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे फिरत होती, कारण हात सोलून निघाले होते. सासूला सुनेचा अभिमान. लई स्वच्छ पोरगी, भांडं दहादा घासती, हात विसळल्याशिवाय कशाला शिवत नाय. आता तुम्हाला आमच्या शहराचं ठाऊकच आहे. त्याला औरंगाबाद म्हणा की संभाजीनगर, नळाला पाणी आठवड्यानंच येतं. त्या घरची टाकी दोन दिवसांत कोरडी पडायची, आणि पाण्यावरून भाऊभाऊ वेगळे व्हायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी त्यांना आमच्या जिन्याची वाट दाखवली. डॉक्टरांनी त्या मुलीला भाजी विचारली. ती रडायला लागली. म्हणाली, "भाजी चिरूनच झाली नाही. धुण्यातच दिवस गेला." तिला धुवायचं नव्हतं. हात धुतल्याशिवाय मन मोकळं सोडत नव्हतं. सासू तोंडाला पदर लावून बसली. हा गुण नाही, आजार आहे, हे तिला पटायला वेळ लागला, पण पटल्यावर तीच सुनेला तारखेला घेऊन येऊ लागली.

डॉक्टर मूळचे खुलताबादचे. तिथं त्यांची शेती आणि सीताफळाची बाग. दर शनिवारी संध्याकाळी जुनी गाडी काढून ते गावाकडं निघत. गावच्या दर्ग्यावर दुःखी माणसं येतात हे ते लहानपणापासून पाहत आलेले, त्यामुळं त्यांना त्या गोष्टीचा राग नव्हता. एक म्हातारी मुलाला घेऊन आली आणि भीत भीत म्हणाली, "डॉक्टर साब, पहले हम दर्गे पे ले को गये थे." डॉक्टर म्हणाले, "अच्छा किये, अम्मा. वहाँ भी जाव, गोली भी खिलाव. दोनों में झगडा नक्को लगाव." म्हातारीचा जीव भांड्यात पडला.

त्यांना राग यायचा तो एकाच गोष्टीचा. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करणाऱ्यांचा. तेव्हा मात्र आवाज जिना उतरून माझ्या दुकानात यायचा. "पाऊस थांबला म्हणून कुणी घराचे पत्रे काढतं का?" असले चार पेशंट आले की दिवसभर ते कुणाशी धड बोलत नसत. मलाही रागवायचे. म्हणायचे, "तू खाली बसून काय सांगतो लोकाला? झोपेची गोळी, सवय लागती, असं सांगतो का?" मी शपथ घ्यायचो. गोळी घेताना निम्मे लोक मला हळूच तेच विचारायचे, हे मात्र खरं.

आता दादांचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय डॉक्टर पुरे होत नाहीत.

दादा म्हणजे माझे वडील. शाळेत विज्ञान शिकवायचे. आम्ही पडेगावात राहतो आणि सगळं पडेगाव त्यांना गुरुजी म्हणतं. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, नवस नाही. रविवारी विहारात वंदना आणि एरवी पुस्तकं. गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की दादा पोहोचायचे, आणि उतरवून टाकायला आणलेल्या लिंबाचं सरबत करून सगळ्यांना पाजायचे. "वारं नाही, भूत नाही, मनाचा आजार आहे, डॉक्टरकडं न्या," हे त्यांचं पाठ झालेलं वाक्य. आणि दुसरं, "पडताळल्याशिवाय मानायचं नाही." हे दुसरं त्यांनी आम्हा भावंडांना इतकं ऐकवलं, की बहिणीला मुलगा दाखवायला आणला तेव्हा तिनं त्याची मार्कशीट मागितली होती.

तर असे दादा एका हिवाळ्यात कमी बोलायला लागले. पेपर उघडायचे आणि तेच पान धरून बसायचे. जेवण अर्ध्यावर सोडायचे. कपडे ढिले झाले. छत्री बँकेत विसरली, गॅस चालू राहिला, एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव आठवलं नाही. काही विचारलं की "माहीत नाही" म्हणायचे. एका डॉक्टरांनी पाहून सांगितलं, वय झालं, विसर पडणारच. जालन्याहून थोरली बहीण येऊन रडली आणि जाताना मला म्हणाली, "आता दादा असेच राहणार. लहान लेकरासारखं सांभाळायचं." आम्ही सगळ्यांनी ते जवळजवळ मान्य करून टाकलं. माझी बायको सुनीता त्यांना घास भरवायला लागली. घरात चालत्याबोलत्या माणसाचं सुतक असल्यासारखं झालं होतं.

त्यात दादा ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले. मन आपल्या ताब्यात पाहिजे, ही त्यांची जन्मभराची शिकवण. तिथून अर्ध्यातच परत आले आणि आणखी गप्प झाले. डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणायचे, "मला आजार नाही. मी आळशी झालोय." दुसऱ्याला दिलेला सल्ला स्वतःला लागू करायची वेळ आली की माणसाचे हात आखडतात. त्यात गुरुजी माणूस.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुम्ही गोळी द्या. मी चहात विरघळवून देतो. माझ्याकडं दिवसाला दोन तरी माणसं तसं करतात."

"करतेत, मला म्हाईत हाय," डॉक्टर म्हणाले. "गुरुजींच्या चहात नाय टाकायची. उद्या त्यांना कळलं तर तुझ्या हातचं पाणी घेतील का ते? शनिवारी मी गावाकडं निघालो की येतो."

शनिवारी आले. दादा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. डॉक्टरांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. "गुरुजी, मी मनाच्या आजाराचा डॉक्टर. तुमच्या पोराच्या दुकानावर माझा दवाखाना हाय. पोरानं बोलावलं म्हणून आलो. काल भाजी कोणती होती?"

"माहीत नाही," दादा म्हणाले.

डॉक्टरांनी खुर्ची आणखी थोडी पुढं घेतली. मी दारात उभा. मला वाटलं, आता दादा उठून जाणार. पण दादा बोलायला लागले. माझं डोकं गेलंय, म्हणाले. छत्री कुठं विसरली, कोणत्या वारी, गॅसवर काय होतं, त्या विद्यार्थ्याचं नाव दारातून तो बाहेर पडल्यावर कसं आठवलं, सगळं त्यांनी सांगितलं. "पोरांना शिकवलं, मन घट्ट ठेवा. माझंच सुटलं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि भाजी विचारली त्याच आवाजात विचारलं, "जगावंसं वाटतं का, गुरुजी?"

असं कुणी विचारतं का? पण दादा रागावले नाहीत. म्हणाले, "सकाळी जाग येते तेव्हा वाटतं, कशाला आली."

"स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं, असं मनात येतं का?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाले, "येतं. तेवढ्यात नात शाळेला निघते, तिचा आवाज येतो. मग दिवस जातो."

"बरं झालं सांगितलं तुम्ही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दादांचा हात हातात घेतला. दादांनी तो सोडवून घेतला नाही. मी तोंड फिरवलं. ज्या माणसाला मी रोज सकाळी जय भीम करून दुकानाला जात होतो, तो माणूस त्या वेळी मनात काय घेऊन बसलेला असायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

मग डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणता आळस हाय. मी म्हणतो आजार हाय, डिप्रेशन. भांडून उपयोग नाय, प्रयोग करू. आळसावर गोळी चालत नसती. चालत असती तर मीच घेतली असती. रक्ताच्या तपासण्या बऱ्या आल्या की एक गोळी लिहून देतो, चार-सहा आठवडे घ्या. कायबी फरक पडला नाय तर तुमचं खरं, मी पुन्हा तोंड दाखवत नाय. पडला तर माझं खरं."

दादांनी बऱ्याच दिवसांनी मान वर केली. "गोळी काय करते?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी मेंदूतल्या रसायनांचं सांगितलं. दादांनी मध्येच एक शंका काढली. डॉक्टर म्हणाले, "ते अजून नीट कुणालाच म्हाईत नाय." मला वाटतं, दादा त्या वाक्याला बधले. खोटं बोलणारा माणूस असं म्हणत नाही.

गाडीपाशी आल्यावर डॉक्टरांनी मला सांगितलं, "ही विसरण्याची बिमारी वाटत नाय मला. ज्याची आठवण खरंच जाती, त्याला बहुतेक ती गेल्याचंबी आठवत नाय. हे तर एकेक चूक वारासकट सांगतेत. थायरॉईड आन् बी-बारा बघून घेऊ. पण लक्ष ठेव. एकट्याला सोडायचं नाय. औषधं सगळी तुझ्याजवळ ठेव. रोज मला फोन."

"तुम्ही ते विचारलं," मी म्हणालो, "त्यानं डोक्यात नसलेलं येणार नाही ना?"

"विचारल्यानं येत नाय. आलेलं असलं तर हलकं होतं. आता तू बी विचारत जा."

तपासण्या बऱ्या आल्या आणि गोळी सुरू झाली. पहिले काही आठवडे काही झालं नाही. दादा गोळी घ्यायचे आणि माझ्याकडं असं बघायचे, की बघ, काही होत नाही. मी वर जाऊन डॉक्टरांना सांगायचो. ते म्हणायचे, "बी पेरून रोज उकरून बघतो का रे?" मी गप्प खाली यायचो. घरी सुनीता त्यांच्याजवळ भाजी निवडत बसे, नात गृहपाठ घेऊन बसे. एकटं कुणी ठेवलं नाही.

एका दुपारी दुकानात सुनीताचा फोन आला. ती रडत होती. "काय झालं?"

"दादा म्हणाले, भाजीत मीठ नाही."

दादांच्या ब्लडप्रेशरमुळं तिनं मीठ कमी केलेलं कितीतरी दिवस झाले होते, आणि त्यांना ते त्या दिवशी लागलं. मी दुकान तसंच टाकून जिना चढलो. आत पेशंट होता. डॉक्टरांनी माझं तोंड बघूनच ओळखलं. म्हणाले, "वहिनींना सांग, उद्या बी कमीच टाका. अजून दोन शिव्या येऊ द्या."

नंतर रोज काही ना काही परत येत गेलं. पेपरातली चूक, नातीच्या वहीवर लाल शेरा, बहिणीला फोनवर लांबलचक उपदेश. ती पलीकडं रडत रडत ऐकत होती. दादा स्वतः जिना चढून डॉक्टरांना भेटायला जाऊ लागले. हात गालावर न ठेवता.

पण ऊन तापायला लागलं तसे ते पुन्हा बसले. तेच भिंतीकडं तोंड, तीच अर्धी भाकरी. मी हादरलो. गोळीच हरली असं वाटलं. त्यांना हाताला धरून वर नेलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसतात न बसतात तोच दादांनी खिशातून गोळ्यांची अख्खी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. आधी रोज माझ्या हातून एकेक गोळी घ्यायचे, बरं वाटल्यावर "पाकीट माझ्याजवळ राहू दे" म्हणायला लागले, आणि बरे झालेत म्हणून मीही पाकिटं देत गेलो होतो.

"मी बंद केल्या होत्या," दादा म्हणाले.

मी डोळे मिटले. आता आवाज औरंगपुऱ्याच्या चौकापर्यंत जाणार.

"का, गुरुजी?"

दादा हळू बोलत होते, पण वर्गात बोलावं तसं. "बरं वाटलं. पण गोळीनं वाटलं, का ऋतू बदलला म्हणून, का आपोआप? एका बाजूनं प्रयोग पुरा होत नाही. गोळी काढून काय होतं ते पाहायला पाहिजे होतं. पाहिलं. परत तेच झालं. म्हणजे तुमचं खरं."

डॉक्टर त्यांच्याकडं बघत राहिले. मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "बरं वाटलं म्हणून बंद करणारे लई बघितले," म्हणाले, "शंका आली म्हणून बंद करणारा पहिलाच." आणि हसू पुसून त्यांनी लगेच विचारलं, "वाईट विचार आले का परत?"

"आले," दादा म्हणाले. "पण या वेळी ओळखू आले. ते माझे नव्हते, आजाराचे होते."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. बराच वेळ लिहीत होते. ती चिठ्ठी मला पहिल्या झटक्यात वाचता आली, याचं मला आजही नवल वाटतं. "आता हा प्रयोग परत नाय," ते म्हणाले. "गोळी कमी करायची तेव्हा मी करीन, हळूहळू." दादा म्हणाले, "एकदा सिद्ध झालं की परत करायची गरज नसते." ते परत बरे झाले. मग मात्र गोळी ते नातीच्या समोर, पाण्याचा पेला उंच धरून घेऊ लागले.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी दवाखाना सोडायचं ठरवलं. गुडघे जिना चढू देत नव्हते. जागा एका तरुण डॉक्टरांना दिली. "आता बाग बघतो," मला म्हणाले. "झाडं आपल्या मनानं गोळ्या बंद करत नाहीत." गल्लीतल्या आम्ही दुकानदारांनी त्यांचा निरोपाचा कार्यक्रम ठेवला. छोटा हॉल घेतला होता, पन्नास खुर्च्या टाकल्या होत्या. माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

मी आजूबाजूला पाहिलं. निम्म्याहून जास्त माझी गिऱ्हाइकं. पण त्या दिवशी तिथं पेशंट एकही नव्हता. कुणी शेजारी होते, कुणी मित्राचे मित्र, कुणी असेच इकडून चालले होते. भाषणं झाली. डॉक्टर स्वभावानं किती साधे, पेरू किती आवडीनं खातात, सगळं झालं. त्यांनी आयुष्यभर काय काम केलं ते कुणी बोललं नाही. बोलायचं तर आपण ते कसं पाहिलं हेही सांगावं लागलं असतं. "अजून कुणाला दोन शब्द?" असं विचारलं, तेव्हा सगळे चपलांकडं बघायला लागले. डॉक्टर मंचावर गळ्यात हार घेऊन शांत बसले होते. त्यांना याची सवय होती.

माझ्या शेजारून दादा उठले.

"जय भीम," ते म्हणाले. माईकपर्यंत गेले नाहीत, जागेवरूनच बोलले. शिक्षकाला माईक लागत नाही. "मी यांचा पेशंट आहे. मला डिप्रेशन झालं होतं. मी विज्ञान शिकवलं, तरी मला तो माझा दोष वाटत होता. माझ्या घरच्यांनी मला गेलेला धरला होता. यांनी मला फसवलं नाही, मला पटवून बरं केलं. एवढंच सांगायचं होतं."

मंचावरून डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, गोळी चालू हाय ना?"

"चालू आहे."

"मग बसा आता."

आधी मागून कुणीतरी हसलं. मग सगळा हॉल हसला, आणि ते हसणं लवकर थांबेना. हसता हसता काही जण डोळे पुसत होते. ती सोलल्या हातांची सून आणि तिची सासू एकमेकींच्या खांद्यावर कलंडल्या होत्या. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि हाराच्या रिबिनीनं पुसत बसले. नंतर चहाच्या वेळी काउंटरवर माझ्याशी नजर न मिळवणारी माणसं दादांना येऊन भेटत होती. आपण कुठले, मुलं काय करतात, असलंच बोलत होती. हात मात्र सोडत नव्हती.

दिवेलागणीला आम्ही दोघं स्कूटरवर पडेगावला निघालो. छावणी ओलांडली आणि मागून ओळखीचा हॉर्न आला. डॉक्टरांची जुनी गाडी, मागच्या सीटवर दवाखान्यातली त्यांची ती खुर्ची आडवी टाकलेली. त्यांनी काचेतून हात बाहेर काढला आणि पुढं गेले. आता ते दर शनिवारी इथून जाणार नव्हते, कायमचे गावाकडं चालले होते. नकळत माझ्या हातून ॲक्सिलरेटर पिळला गेला. मी त्यांच्या गाडीमागं स्कूटर पळवायला लागलो. खड्डा बघितला नाही, ट्रक बघितला नाही.

दादांनी मागून माझ्या खांद्यावर थापटी मारली. "हळू चालव की रे," ते म्हणाले. "मला अजून लई दिवस जगायचंय."

मी वेग कमी केला. पुढची गाडी दौलताबादच्या रस्त्यानं लहान होत गेली. आम्ही आमच्या वळणाला वळलो.